घानाचा सेडी : पगार सेडीत घ्यावा की डॉलरमध्ये? (आणि एकूणच या चलनाची कुंडली)

टेमाकर
नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम घाना, टेमा बंदराजवळ. एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो. आजवर अर्धा पगार डॉलरमध्ये आणि अर्धा सेडीत मिळत होता. नव्या करारात व्यवस्थापन म्हणतंय की सगळा पगार सेडीत घ्या, वर पंधरा टक्के जास्त देतो.

२०२४ मध्ये कुणी असं म्हणालं असतं तर हसण्यावारी नेलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका डॉलरला १६ च्या वर सेडी पडत होते. पण २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये असा काही उलटा गिअर पडला की मे अखेरीस भाव साडेदहाच्याही आत. ज्यांच्या गाठीशी डॉलर होते ते कपाळाला हात लावून बसलेत. आमच्या कॅन्टीनमधली मावशी मात्र म्हणते, 'मास्टर, आम्ही हे सगळं पाहिलंय, नाचू नका.'

तर प्रश्न दोन. हे टिकेल का? आणि या लोकांनी नेमकं काय पाहिलंय? जाणकारांनी लिहा, सविस्तर लिहिलंत तरी चालेल, इथे संध्याकाळी वीज असली की वेळच वेळ असतो.

गवती_चहा
पहिला नंबर माझा. जागा राखून ठेवतेय.

बाजी_बारामती
टेमाकर साहेब, मालक हसत हसत पंधरा टक्के वाढवून देतोय म्हणजे आधी खिसा चाचपा. कंपनीला डॉलर स्वस्त पडत असताना ते डॉलर द्यायला का नको म्हणतायत? त्यांनाही वाटतंय की डॉलरचा भाव परत वर जाणार. तेव्हा तुमच्या हातात सेडी असावेत आणि त्यांच्या हातात डॉलर, एवढाच हिशेब.

टेमाकर
@बाजी, शंका माझ्याही मनात आहे. पण आमचा माल इथेच विकला जातो, गिऱ्हाईक सेडीतच पैसे देतं. डॉलर त्यांना बाहेरून घ्यावे लागतात, ती कटकट नको असंही असेल.

नाणेघाट
माझा प्रांत. सवडीने वाचा.

घाना म्हणजे पूर्वीचं गोल्ड कोस्ट. नायजेरिया, सिएरा लिओन, गांबिया आणि गोल्ड कोस्ट या चार ब्रिटिश वसाहतींचं चलन एकच होतं, ब्रिटिश वेस्ट आफ्रिकन पाउंड. ते काढायला १९१२ साली करन्सी बोर्ड नेमलं आणि त्याचं बिऱ्हाड थेट लंडनमध्ये. स्टर्लिंगशी एकास एक भाव. पेनी आणि तिच्याखालच्या नाण्यांना मधोमध भोक असायचं. आपल्याकडे १९४३ ते ४७ मध्ये भोकाचा पैसा निघाला होता, तो ज्यांच्या आजीच्या डब्यात सापडला असेल त्यांना चटकन कळेल. माझ्या संग्रहात दोन्ही शेजारी शेजारी आहेत. आफ्रिकेचं नाणं तळव्यावर घेतलं तर आपल्यापेक्षा चांगलंच थोराड वाटतं आणि भोकाच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, कारण लोक ती दोरीत ओवून ठेवत.

६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. बँक ऑफ घाना दोन दिवस आधीच कायद्याने जन्माला आली होती. जुलै १९५८ मध्ये घानाचा स्वतःचा पाउंड आला. मग १९ जुलै १९६५ ला पहिला सेडी, त्यावर राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचा चेहरा. सेडी म्हणजे तिथल्या आकान भाषेत कवडी, आणि त्याचा शंभरावा भाग पेसेवा.

भाव मात्र विचित्र ठेवला होता. एक सेडी म्हणजे ८ शिलिंग ४ पेन्स.

खुर्दा
८ शिलिंग ४ पेन्स? हा भाव बैठकीत ठरला की बैठकीनंतरच्या जेवणात?

नाणेघाट
@खुर्दा, हसू नका, फार हुशारीने ठरवलाय. ८ शिलिंग म्हणजे ९६ पेन्स, वर ४, झाले १००. म्हणजे एक पेनी बरोबर एक पेसेवा. बाजारात तीन पेन्सची वस्तू तीन पेसेव्यांना. बाजारहाट करणाऱ्या बाईला नवं गणित शिकायला नको. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला ६४ पैशांच्या रुपयाचे १०० नये पैसे झाले, तेव्हा रुपया तोच ठेवला आणि खालची चिल्लर बदलली. दुकानदारांनी त्यात बराच हात मारला असं आजोबा सांगायचे. घानाने उलट केलं. चिल्लर जपली, वरचं एकक बदललं.

पण मग पाउंड म्हणजे २.४० सेडी, आणि मोठ्या व्यवहारांना तो आकडा गैरसोयीचा. २४ फेब्रुवारी १९६६ ला एन्क्रुमा व्हिएतनामच्या वाटेवर चीनला गेले असताना लष्कराने सत्ता घेतली. वर्षभराने, फेब्रुवारी १९६७ मध्ये, 'नवा सेडी' आला. दोन नवे सेडी म्हणजे एक पाउंड. हिशेब सोपा झाला आणि एन्क्रुमांचा चेहराही नोटेवरून गेला. यातलं मुख्य कारण कोणतं ते ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते दुसरं.

स्वरा_के
वाचतेय. नाणेघाट, मग चेहरा कुणाचा आला? आणि नोटेवर कधी एखादी बाई आली का हो?

नाणेघाट
@स्वरा_के, सत्तरच्या दशकातली मालिका मला सगळ्यात आवडते. त्यात कुणी पुढारीच नाही. एक सेडीवर बेचकी घेतलेला पोरगा, दहा सेडीवर चिलीम ओढणारा म्हातारा. सत्तापालट करणाऱ्यांनाही आपला फोटो छापायचा धीर झाला नाही असं म्हणायचं.

बाई आली ना. ऐंशीच्या दशकातल्या वीसच्या नोटेवर या आसान्तेवा. १९०० साली आसान्ते लोकांचं सोन्याचं सिंहासन ब्रिटिशांनी मागितलं तेव्हा लढाईचं नेतृत्व करणारी एजिसूची राजमाता. आताच्या मालिकेत 'बिग सिक्स' म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातले सहा नेते आहेत, सहाही पुरुष. पन्नास पेसेव्याच्या नाण्यावर मात्र बाजारवाली बाई आहे, आणि वीस पेसेव्यावर कोकोची शेंग.

स्वरा_के
म्हणजे राजमाता गेली आणि बाजारवाली चिल्लरीत आली. चालू द्या.

अण्णा_चिंचवड
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. १९८० ते ८४ मी कुमासीजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. त्या काळी भारतातून बरेच शिक्षक तिकडे जात. टेमाकरांच्या कॅन्टीनमधल्या मावशीने काय पाहिलंय ते मी थोडंफार सांगू शकतो.

मी पोचलो तेव्हा लोक मार्च १९७९ च्या गोष्टी सांगत होते. सरकारने सीमा बंद करून जाहीर केलं की जुन्या नोटा रद्द, दोन आठवड्यांत बदलून घ्या. बदल समान नव्हता. पाच हजार सेडीपर्यंत दहा जुन्यांना सात नवे, आणि त्याच्यावरच्या रकमेला दहाचे पाच. बँकेत होते त्यांचे पैसे शाबूत. म्हणजे मार कुणाला बसला? काळाबाजारवाल्यांना बसावा असा बेत होता. बसला तो बँक म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याला आणि बाजारातल्या बायांना, ज्यांचं सगळं भांडवल कमरेच्या कापडात बांधलेलं.

पुढचं मी स्वतः पाहिलं. १९८२ साली जेरी रॉलिंग्जच्या लष्करी सरकारने ५० ची नोट रद्द केली. ती तेव्हाची सगळ्यात मोठी नोट. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने घराच्या छपरासाठी जमवलेले सगळे पैसे त्याच नोटांत ठेवले होते. बँकेत भरले, हातात पावती मिळाली. मी परत निघालो तेव्हाही ती पावती त्याच्या बायबलमध्ये होती आणि छपरावर ताडाच्या झावळ्या होत्या.

आणि मग १९८३. पाऊस नाही, जंगलं आणि शेतं पेटलेली. त्यात जानेवारीत नायजेरियाने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना बाहेर काढलं, त्यातले दहा लाखांच्या आसपास घानाचे. ती चौकड्यांची मोठी प्लास्टिकची पिशवी आपल्याकडेही मिळते, तिला आजही तिकडे 'घाना मस्ट गो' म्हणतात. एवढी माणसं परत आली आणि देशात मका नाही. माणसांच्या गळ्याजवळची हाडं वर आली, त्याला लोक 'रॉलिंग्जचा हार' म्हणायचे. साबण, डब्यातलं दूध, सार्डिनचा डबा या 'इसेन्शियल कमोडिटी'. दुकानासमोर रांगेत माणूस नाही, दगड, करवंट्या, फुटके डबे. प्रत्येकाला आपापला दगड ओळखता यायचा. माझ्या हातात पगार असायचा, पण घ्यायला काही नसायचं. चोरबाजाराला तिथे 'कालाबुले' म्हणत, आणि हा शब्द रोजच्या बोलण्यात मिठासारखा.

गवती_चहा
अण्णा, दंडवत. तो दगडांचा भाग वाचून थांबले थोडा वेळ.

बाजी_बारामती
अण्णा, यावर एक वेगळा धागाच काढा की.

तिरपागडा
म्हणजे नोटबंदीचा शोध आपण लावलेला नाही तर. २०१६ च्या नोव्हेंबरात एटीएमच्या रांगेत उभे होतो ते सगळं आठवलं. पण निदान आपल्याकडे शंभरच्या बदल्यात शंभरच दिले. बाकी त्या निर्णयाने काय साधलं हे मात्र...

चक्रधर
@तिरपागडा, साधलं नाही कसं? डिजिटल व्यवहार बघा कुठे गेले...

तिरपागडा
ते नोटबंदीमुळे की स्वस्त डेटामुळे? उगाच...

संपादक_मंडळ
नोटबंदीच्या बऱ्या-वाईटावर तीन धागे आधीच आहेत. तिकडे जावे. इथे घाना.

अर्थशून्य
अण्णांनी परिणाम सांगितले, मी कारण सांगतो, कारण टेमाकरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

घानाचे डॉलर येतात मुख्यतः कोको आणि सोन्यातून, हल्ली तेलातूनही. डिसेंबर १९७१ मध्ये पंतप्रधान बुसिया यांनी सेडीचं मोठं अवमूल्यन केलं. १३ जानेवारी १९७२ ला कर्नल अचाम्पाँग यांनी त्यांची खुर्ची काढून घेतली. आल्या आल्या सेडी थोडा परत वर चढवला आणि परदेशी कर्जांतली काही फेडणारच नाही असं जाहीर केलं. 'येन्तुआ', आम्ही देणार नाही. जनता खूश. यातून पुढच्या प्रत्येक सरकारने धडा घेतला तो असा, की सेडीचा भाव खाली आणला की सरकार जातं. म्हणून मग भाव अधिकृतपणे खाली आणायचाच नाही. १९७८ पासून डॉलरला २.७५ सेडी हा सरकारी भाव. १९८३ मध्ये काळ्या बाजारात तोच डॉलर शंभराच्या घरात.

आता तुम्ही कोको पिकवणारे शेतकरी आहात असं समजा. माल विकायचा तो सरकारी कोको मंडळालाच. मंडळ २.७५ च्या हिशेबाने सेडी देणार, त्या सेडीत साबणही येत नाही. पलीकडे काही मैलांवर आयव्हरी कोस्ट. तिथे सीएफए फ्रँक चालतो, त्याला किंमत आहे. तुम्ही काय कराल? पोती रात्री डोक्यावर घेऊन सीमा ओलांडाल. लोकांनी तेच केलं. जो देश जगात कोकोत पहिला होता त्याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो मान आयव्हरी कोस्टला दिला, आणि त्या देशाच्या आकड्यांत काही पोती घानाचीच होती.

१९८३ च्या एप्रिलमध्ये त्याच क्रांतिकारी रॉलिंग्जनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी जुळवून घेतलं. वर्षअखेर डॉलरचा सरकारी भाव ३० सेडींवर नेला. पुढे १९८८ मध्ये खासगी फॉरेक्स ब्युरोंना (परदेशी चलन बदलून देणारी दुकानं) परवानगी दिली आणि काळा बाजार बराचसा उजेडात आला. तेव्हापासून सेडी गडगडत राहिला, पण निदान चोरून गडगडत नव्हता. २००६ पर्यंत एका डॉलरला नऊ हजारांवर सेडी.

आबिजानवासी
अर्थशून्य यांनी आमच्या आयव्हरी कोस्टचं नाव काढलं म्हणून लिहितो. इथे सीएफए फ्रँक. १९४५ च्या डिसेंबरात फ्रान्सने काढलेला. एका युरोला ६५५.९५७, भाव ठरलेला, झोप शांत. घानावाले मित्र आम्हाला फ्रान्सचे जावई म्हणून चिडवतात.

पण इथेही म्हातारी माणसं जानेवारी १९९४ विसरलेली नाहीत. तोवर ५० सीएफएला एक फ्रेंच फ्रँक होता, एका रात्रीत १०० झाले. आयात औषधं दुप्पट. घानाला रोज थोडं थोडं टोचतं, इथे एकदम ऑपरेशन केलं. 'इको' नावाचं सगळ्या पश्चिम आफ्रिकेचं एक चलन येणार असं ऐकत मी इथे म्हातारा होणार बहुतेक. २०२० म्हणाले होते, आता २०२७ म्हणतात.

खुर्दा
अर्थशून्य, नऊ हजारांवरून साडेदहावर कसे आले? मधले शून्य कुठे सांडले?

अर्थशून्य
@खुर्दा, सांडले नाहीत, कापले. १ जुलै २००७. दहा हजार जुने सेडी म्हणजे एक 'घाना सेडी'. स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्षही होतं. रेडिओवर दिवसरात्र एकच घोषवाक्य, 'द व्हॅल्यू इज द सेम'. डिसेंबरअखेरपर्यंत जुन्या आणि नव्या नोटा एकत्र चालल्या, १९७९ सारखी कुणाची कापाकापी नाही. तांत्रिकदृष्ट्या फार व्यवस्थित केलेलं काम, हे मानायला हवं. त्या दिवशी नवा सेडी डॉलरपेक्षा किंचित भारी होता.

शून्य कापल्याने महागाई जात नाही. फक्त पिशवीभर नोटा न्याव्या लागत नाहीत. सिएरा लिओननेही २०२२ मध्ये तीन शून्य कापले.

विनातिकीट
शून्य कागदावरून गेले, तोंडातून नाही! मी २०११ च्या सुमारास घानाच्या राजधानीत, अक्रात होतो. ट्रोट्रोचा (म्हणजे आपली वडापच, खिडकीतून लटकलेला 'मेट' म्हणजे कंडक्टर आणि मागे रंगवलेली बायबलची वचनं) मेट ओरडायचा 'फाइव्ह थाउजंड!' मी घाबरलो. शेजारच्या बाईने माझ्या हातातून पन्नास पेसेव्यांचं नाणं उचललं आणि त्याला दिलं. चार वर्षं होऊन गेली होती तरी लोक जुन्या पैशातच बोलत. एका सहकाऱ्याने 'वन मिलियन' उसने मागितले, मी दोन दिवस त्याला टाळत होतो. शंभर सेडी हवे होते बिचाऱ्याला.

नाणेघाट
@विनातिकीट, अगदी. अजूनही काही वयस्कर लोक 'मिलियन' म्हणतात असं ऐकतो. एक पेसेवा मात्र व्यवहारातून जवळजवळ गेलाच.

थोडं अवांतर, पण कवड्यांचं राहिलं. त्या कवड्या आफ्रिकेच्या नव्हेतच, आपल्या बाजूच्या. मालदीवच्या. तिथून बंगाल आणि सिलोनला, तिथून डच आणि इंग्रज जहाजांच्या तळाशी वजन म्हणून भरून अॅमस्टरडॅम-लंडनला, आणि तिथे लिलाव होऊन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे त्या देऊन काय घेत? माणसं. गुलामांच्या व्यापारातलं ते रोकड चलन होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या थोड्या मोठ्या, स्वस्त कवड्या जहाजं भरभरून आणून ओतल्या आणि कवडीचा भाव साफ बसला. छापखाना नसतानाची चलनवाढ.

आसान्ते प्रदेशात मात्र कवडीपेक्षा सोन्याची भुकटी चाले. प्रत्येक व्यापाऱ्याकडे छोटा तराजू, चमचे आणि पितळी वजनं. एकेक वजन मेणाच्या साच्यातून ओतलेलं, बोटाच्या पेराएवढं. एकच पोट असलेल्या दोन मगरी, मागे वळून पाहणारा पक्षी. एका प्रदर्शनात हातात धरायला मिळालं होतं, मगरींच्या पाठीवरचे खवलेसुद्धा नखाला लागत होते.

स्वरा_के
म्हणजे ज्या कवडीने माणसं विकली गेली, तिचंच नाव स्वतंत्र देशाने नोटेला दिलं? मला हे जरा खटकतंय.

नाणेघाट
@स्वरा_के, कवडी तिथे गुलामांच्या व्यापाराआधीही होती, पूजेत होती, दागिन्यांत होती. पाउंड-शिलिंग नको होतं, आपलं काहीतरी हवं होतं. पण तुमचं खटकणं चूक म्हणणार नाही.

लागोसची_लता
आमच्या नायजेरियाच्या नायराला विसरलात! १ जानेवारी १९७३, दोन नायरांना एक पाउंड. २०२५ मधला भाव विचारू नका, डॉलरला दीड हजारांच्या वर होता. २०२३ च्या सुरुवातीला इथेही नव्या रंगाच्या नोटा काढून जुन्या बंद करायला निघाले. नव्या नोटा पुरेशा छापल्याच नव्हत्या. आमचा ड्रायव्हर रोकड विकत घ्यायचा, म्हणजे बँकेतले पैसे वळते करून, वर कमिशन देऊन. शेवटी सुप्रीम कोर्टाने जुन्या नोटा चालू ठेवल्या.

इथली गंमत म्हणजे लग्नात नवरा-नवरीच्या अंगावर नोटा उधळतात, 'स्प्रेइंग'. कायद्याने गुन्हा आहे. २०२४ मध्ये एका नामांकित व्यक्तीला सहा महिने आत टाकलं. तरी गेल्या शनिवारच्या लग्नात पायाखाली नोटांचा गालिचा.

बाजी_बारामती
लताताई, आमच्याकडे याला दौलतजादा म्हणतात. फडात उधळली तरी कुणी आत टाकत नाही, फक्त घरी गेल्यावर बायको टाकते.

गवती_चहा
:))

आबिजानवासी
बाजींना +१. बाकी टेमाकर कुठे गायबले? धागा लावून पसार?

टेमाकर
आहे, आहे. दोन दिवस कारखान्यात बॉयलर बंद होता. सगळे प्रतिसाद वाचले, अण्णांचा मावशीला तोडकंमोडकं भाषांतर करून सांगितला. ती १९८३ मध्ये सहा वर्षांची होती. 'दगड' म्हटल्यावर लगेच म्हणाली, 'आमचा लाल डबा होता.'

एक मराठी माणसाला आवडेल अशी गोष्ट. २०१९ च्या नोव्हेंबरात शंभर आणि दोनशेच्या नोटा आल्या. दोनशेच्या नोटेमागे ज्युबिली हाउस आहे, इथल्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान-कार्यालय. ते मुंबईच्या शापूरजी पालनजीने बांधलंय, भारत सरकारच्या कर्जातून काही पैसा होता. आमचे मुंबईचे सगळे लोक ती नोट आली की उलटी करून एकमेकांना दाखवतात.

आता मुद्द्यावर. अर्थशून्य, २०२२ आणि २०२५ चं समजावा. आणि सरळ सल्ला द्या, आडवळणाने नको.

अर्थशून्य
घ्या.

२०२२ : कर्ज डोईजड, परदेशी बाजाराने नवं द्यायचं बंद केलं, सेडी निम्म्याहून खाली, डिसेंबरला महागाई ५४.१ टक्के. त्याच महिन्यात सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले आणि देशातल्या रोखेधारकांना सांगितलं की जुने रोखे द्या, कमी व्याजाचे लांब मुदतीचे घ्या. पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसं अर्थमंत्रालयाबाहेर बसली होती. मे २०२३ मध्ये नाणेनिधीचे ३ अब्ज डॉलर मंजूर.

२०२५ : सोनं औंसाला ३००० डॉलरच्या वर. छोट्या खाणवाल्यांचं सोनं पूर्वी मोठ्या प्रमाणात चोरून बाहेर जायचं, ते विकत घ्यायला नवं गोल्ड बोर्ड उभं केलं, त्याचे डॉलर मध्यवर्ती बँकेकडे. मार्चमध्ये व्याजदर २८ टक्क्यांवर नेला. कर्जाची फेररचना बरीच मार्गी. आणि डॉलर जगभरच नरमलेला. या सगळ्यात पहिली आणि शेवटची गोष्ट घानाच्या हातात नाही. सोनं उतरलं किंवा डॉलर चढला की वारं फिरणार.

म्हणून उत्तर : जेवढा खर्च घानात तेवढे सेडी, जेवढं घरी पाठवायचं तेवढे डॉलर. पंधरा टक्क्यांच्या मोहात पडून सगळं एका बाजूला टाकू नका. हा भाव पंधरा टक्के एका महिन्यातही हललेला आहे. तुम्हीच मे मध्ये पाहिलंत.

अण्णा_चिंचवड
अर्थशून्य यांच्याशी सहमत, एक पुरवणी. सेडी हातात ठेवायचेच असतील तर कमीत कमी दिवस ठेवा. मी होतो तेव्हा स्थानिक लोक हेच करत.

चक्रधर
मी असहमत. पंधरा टक्के वाढ कायमची आहे, भावातली घसरण झाली तर होईल. शिवाय तिथल्या सरकारी ट्रेझरी बिलांवर (सरकारला दिलेलं थोड्या मुदतीचं कर्ज) मेमध्ये पंधरा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. २०२२ च्या रोखे-अदलाबदलीतूनही ट्रेझरी बिलं वगळली होती. थोडी हिंमत हवी.

बाजी_बारामती
चक्रधरराव, हिंमत तुमची आणि पगार टेमाकरांचा.

विनातिकीट
मोबाइल मनीचं कुणी बोललंच नाही. 'मोमो'शिवाय तिथे पान हलत नाही. नारळवाल्यापासून चर्चच्या दानपेटीपर्यंत. २०२२ मध्ये त्यावर दीड टक्का ई-लेव्ही म्हणजे कर लावला तर लोक परत रोकडीकडे वळले. पुढे तो एक टक्का केला, २०२५ च्या एप्रिलमध्ये काढूनच टाकला.

टेमाकर
कळवतो. कंपनीशी बोललो. चाळीस टक्के डॉलर, साठ टक्के सेडी, आणि सेडीचा आकडा दर तिमाहीला भावाशी पडताळायचा, असं लेखी मागितलंय. एचआरने 'बघू' म्हटलंय. ट्रेझरी बिलात थोडे टाकून बघेन, पण चक्रधर म्हणतात तेवढी हिंमत नाही.

दरम्यान घराचा करार संपला. इथे घरमालक दोन-दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतात. कायदा १९६३ चा आहे, सहा महिन्यांच्या वर घेता येत नाही म्हणतो, पण त्याला विचारतो कोण. आजवर हे गृहस्थ भाडं डॉलरमध्ये सांगायचे (तेही नियमाबाहेरच). काल आले आणि म्हणाले, या वेळी सेडीत द्या.

गवती_चहा
म्हणजे घरमालकाला सेडीवर विश्वास बसला की! झालं तर मग, चक्रधर जिंकले.

टेमाकर
मलाही तसंच वाटलं. म्हणून विचारलं, एवढे सेडी ठेवणार कुठे? म्हणाले, ठेवायचे कशाला, सिमेंट आणि सळई आजच सांगून ठेवलीय, मागच्या प्लॉटवर दुसरा मजला चढवतोय. पैसे तुमच्याकडून थेट सिमेंटवाल्याच्या मोमोवर टाका.

अर्थशून्य
टेमाकर, यापुढे सल्ला माझ्याकडे नको, त्यांच्याकडे मागा.

बाजी_बारामती
आणि सहा महिन्यांच्या वर एक पेसेवा देऊ नका. पावती घ्या.